पुरावा आणायला कचारगडला

कॉलेज मी इंटरला असतानाच सोडलं. कारण विचारू नका. वर्गात प्राध्यापक म्हणाले, आपल्याला इतिहास नाही, दंतकथा आहेत. मी उभा राहून जे बोललो त्यानंतर परत जाणं शक्यच नव्हतं. पण कचारगडला गेलो ते प्राध्यापकांमुळे नव्हे, मालतीमुळे.

मालती गोंदियाजवळ मुर्रीला आमच्या शेजारी राहते. हल्ली ती फार नवी पुस्तकं वाचते. परवा त्यांच्या ओसरीवर मी देशावर बोलत होतो, तर म्हणाली, "हा देश रेल्वेनं शिवलाय. त्याआधी दवनीवाड्याचा माणूस सालेकशाला परका होता."

"हजारो वर्षांचा देश आहे हा!"

"असेल. पुरावा आणा. नाहीतर आमच्या ओसरीवर भाषणं बंद."

ओसरी बंद म्हणजे माझं सगळंच बंद. कचारगडच्या जुन्या गुहेत एखादा शिलालेख तरी सापडेल, म्हणून माघी पौर्णिमेला पहाटे मी गोंदिया स्टेशनवर हजर!

जाणाऱ्यांनी पॅसेंजर धरावी, दरेकशाला उतरावं. तिसऱ्या वर्गाला काही आणे पडतात आणि फळकुटावर निम्मीच जागा मिळते. सोबत मुरमुरे-फुटाणे असू द्या, कारण पुढे दुकान नाही. धनेगावावरून पायवाट जंगलात शिरते. पळसाला नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. चढ छातीवर येतो. मालतीला मनातल्या मनात उत्तरं देत चढलो, म्हणून दम जरा जास्तच लागला.

गुहा मात्र पाहावी! तोंडाशी माणूस मुंगीएवढा दिसतो, आणि वरच्या भोकातून उजेडाचा झोत पडतो. मी वही काढली, दोरीनं लांबी-रुंदी मोजली, शिलालेखासाठी भिंत हातानं चाचपली. दोन तास! मिळाली काजळी, तीही नाकाला.

गोंडांची पाच-सहा कुटुंबं पूजेला आली होती. एका म्हाताऱ्यानं हाक मारली, "काऊन जी, भितीले कायले गोंजारून राहिले? बसा, जेवा."

पळसाच्या पानावर भात आणि लाखोरीची डाळ. घास घेण्याआधी त्यानं विचारलं, "तुमचे देव किती जी?"

मी छाती काढून म्हणालो, "तेहतीस कोटी!"

सगळे हसायला लागले. त्याच्या म्हातारीला तर ठसका लागला. मग त्यानं समजावलं. त्यांच्यात कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा, सात. अनोळखी माणूस भेटला की आधी हेच विचारायचं. "सारखे निंगले का भाऊ. नाई निंगले का सोयरे. त्याइच्यात पोरगी देता येते."

"आणि दोन्हीत नसला तर?"

"असा मानूस रायतच नाई."

म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "याचे तं साऱ्याइचेच देव. साऱ्याइचा भाऊ झाला बिचारा. पोरगी कोन देईल याले?"

माझा चेहरा पाहून तिनं आणखी भात वाढला.

ते कुरखेड्याकडून आले होते, चार दिवस चालत. वाटेत कोणी ओळखीचं होतं का, मी विचारलं. "आंधी नव्हतं," म्हातारा म्हणाला. "देव इचारले, झालं."

संध्याकाळच्या गाडीनं परतलो. दुसऱ्या दिवशी ओसरीवर उभा राहून सगळं सांगितलं.

मालती म्हणाली, "आणि तुम्ही गेलात कशानं?"

"रेल्वेनं. पण ते पायी आले होते! रूळ नाहीत, वेळापत्रक नाही, आणि चार दिवसांत त्यांना एकही परका भेटला नाही. सांग, हे कोणत्या कंपनीनं शिवलं?"

तिनं हातातलं पुस्तक मिटलं. मी मिशीला हात लावणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "नावं काय हो त्यांची?"

वहीत गुहेची लांबी होती, रुंदी होती, भोकाचा अंदाजही होता. नावं नव्हती. मी विचारलीच नव्हती.

देश जुना आहे, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन. पण ज्यांच्या जिवावर सांगायचं त्यांचं जेवून आलो आणि नाव न विचारता आलो, हे काही केल्या पचत नाही.

मालतीनं पायानं पाट पुढे सरकवला. "बसा. किती देव त्यांचे, ते तरी विचारलंत का?"

तेही विचारलं नव्हतं. मी बसलो.