डाळिंबाच्या कळीएवढं

खाल्लेला घास पुढे कुठे जातो, याचा मी आयुष्यभर रांधूनही कधी विचार केला नव्हता.

परवा सरकारी रुग्णालयाच्या बाकावर माझी धाकटी जाऊ रडत बसली होती. शौचातून रक्त जायचं, ते तिनं लाजेपोटी कितीतरी वर्षं मूळव्याध समजून अंगावर काढलं. ती आतड्याची जुनी सूज निघाली, आणि आता तिथंच कॅन्सर. ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर पिशवी लागणार होती. "ताई, असलं जिणं नको मला," एवढंच ती म्हणत होती.

शेजारी बसलेली एक अनोळखी बाई उठली. "मला पिशवी बदलायचीच आहे, चला," म्हणत तिनं आम्हाला पडद्याआड नेलं, पदर बाजूला केला आणि पोटावरची पिशवी काढली.

पिशवीखाली पोटातून बाहेर काढलेलं आतड्याचं टोक होतं. लालबुंद, ओलं, डाळिंबाच्या कळीएवढं. मला किळस येईल असं वाटलं होतं. पण ते सावकाश आकसलं, पुन्हा फुललं, कुणी न सांगता.

"दुखत नाही हो," बाई म्हणाली. "सकाळची भाकरी पुढे ढकलतंय."

नमस्कार करायचाच तेवढा बाकी राहिला. आपण भांडतो, झोपतो, देवळात जातो, आणि हे अंधारात राबत असतं. त्याचं नाव मात्र आपण चारचौघांत घेत नाही. दुखलं तरी.

जाऊ वाकून बघत होती. "ताई, हलतंय," ती पुटपुटली.

पहिलटकरीण असताना, माझा हात स्वतःच्या पोटावर ठेवून, ती याच आवाजात हेच म्हणाली होती.