न सोडलेली लादी

ट्रेलरवर ग्रॅनाइटच्या लाद्या चढवणारे पुष्कळ होते, पण उस्ताद एकच. मालकालाही तोंडावर सुनावणारा. नवा गडी आला की त्याला आधी दम भरायचा, “‘सोड’ ऐकलं की सोडायचं. लादी मालकाची, पाय तुझा.” घरी जेवताजेवताही हेच. बायको म्हणायची, “अहो, मी कुठे लाद्या उचलते?”

आणि ऐन वेळी हाच शहाणा ते विसरला. समोरच्या टोकाला मेहुणा होता, तिचा धाकटा भाऊ. फळीवरून त्याचा पाय घसरला आणि नेमका लादीखाली गेला. सगळे ‘सोड, सोड’ म्हणून ओरडत होते. उस्तादानं सोडली नाही. पाय बाहेर निघेपर्यंत सगळा भार एकट्यानं तोलून धरला आणि मग खाली बसला, तो बसलाच. कमरेखालचं सगळं गेलं. मालकानं फळांची पिशवी पाठवली. चुलीत घाला ती फळं.

मेहुणा रोज सकाळी यायचा आणि त्याला उचलून न्हाणीघरात न्यायचा. बायको चणीनं बारीक, तिच्यानं तो हलायचा नाही. भाऊ आहे म्हणून निभतंय, एवढ्यावरच तिनं धीर धरला होता.

एक दिवस तो बॅग घेऊनच आला.

“ताई, दुसरीकडे काम मिळालंय. मी जातो. दाजींकडे बघवत नाही गं मला. रोज उचलताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.”

“आणि मी काय डोळे काढून ठेवू?” ती कडाडली. “ज्या पायापायी यांचं असं झालं, तेच पाय घेऊन पळ काढतोस?”

“जाऊ दे त्याला,” उस्ताद पलंगावरून म्हणाला.

मेहुण्यानं त्याला आंघोळ घातली, अंग पुसलं, पुन्हा निजवलं. बहिणीकडे न बघताच तो जिना उतरू लागला. ती काही बोलणार, तोच उस्तादानं हातानं थांबवलं. तो कान देऊन ऐकत होता.

“लंगडत नाही गं,” तो म्हणाला. “दोन्ही पाय सारखे पडतायत.”

तिला भावाचा राग आला, नवऱ्याचाही आला. त्यांच्यापैकी एकालाही तिला बोल लावता येईना, म्हणून तर जीव जास्तच तुटत होता.

पावलं ऐकू येईनाशी झाली. इतक्या महिन्यांत डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस हमसून हमसून रडू लागला. त्याला कुशीत घ्यावं म्हणून तिनं त्याच्या पाठीखाली दोन्ही हात घातले, सगळा जोर लावला. तो हलला नाही.