गाण्यांची वाटणी

बावीस वर्षं वाजवणारा आमच्या माजरी गावचा रॉक बँड एका फ्लेक्सवरून फुटला. चंद्रपूरच्या कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर गाणाऱ्याचं तोंड बैलगाडीच्या चाकाएवढं छापलं आणि गिटारवाला कडेला अर्ध्या कानापाशी कापला गेला. एवढंच. पन्नाशीला टेकलेली दोन माणसं, गाणारा इथल्याच कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन, गिटारवाल्याचं बाजारात शिलाईचं दुकान, आणि भांडण कशावरून, तर फोटोवरून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता आठवलं की डोकं तापतं.

मी काही त्यांचा मोठा चाहता नव्हतो. कॉलनीच्या मैदानावर ते वाजवायचे तेव्हा मी पानठेल्याजवळ उभा राहायचो, दोन-चार गाणी ऐकायचो आणि ड्रमचा दणका छातीत बसायला लागला की घरची वाट धरायचो. गाणी आमच्याच बोलीत असायची, म्हणून कळायची. थांबायचो ते एका गाण्यासाठी, आणि तेही माझ्यासाठी नाही, बायकोसाठी. ती मुलचेऱ्याकडची, धानाच्या बांध्या आणि जंगल बघत वाढलेली. लग्न होऊन इथे आली आणि पहिल्याच आठवड्यात दोरीवर वाळत घातलेली तिची माहेरची पिवळी साडी कोळशाच्या धुळीनं करडी झाली. त्यानंतर वर्षभर ती या गावावर रुसून होती. मग या दोघांनी त्याच धुळीवर गाणं केलं. खिडकीत साचणारी काळी भुकटी, आणि खाणीच्या नावानं शिव्या घालत दिवसातून चारदा झाडू मारणारी बाई. मैदानावर ते ऐकून ती पोट धरून हसली. माझा संसार गाण्यानं वाचवला असं मी म्हणणार नाही, पण माहेरी जायचं टुमणं तिनं सोडलं ते त्या दिवसापासून.

तर बँड फुटला आणि त्यांना पंच हवा होता. भावाभावांत शेत वाटतात तशी यांना रीतसर वाटणी करायची होती. दोघांना चालणारं नाव एकच निघालं, ते माझं. "तुमी कोनाच्याच बाजूचे नाई, भाऊ," गाणारा म्हणाला. खोटं कशाला बोलू, मला मान मिळाल्यासारखं वाटलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, इतका मी शहाणा.

शिलाईच्या दुकानात सकाळी बसलो. ड्रम, स्पीकर, माइक, वायरींची भेंडोळी, सगळं वाटून झालं. मी कागदावर लिहीत होतो. मग गिटारवाल्यानं वहीचं पान फाडून केलेल्या चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक गाणं. ज्याच्या वाट्याला येईल त्यानंच ते गायचं, दुसऱ्यानं तोंडातून काढायचं नाही. बटणांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून डबा माझ्यापुढे सरकवला. तो डबा तिथेच पालथा करून मी उठायला हवं होतं. उठलो नाही. एकेक उचलत गेलो.

धुळीच्या गाण्याची चिठ्ठी मात्र टाकायलाच दोघं तयार नव्हते. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आणि ते नशिबावर सोडायची कुणाचीच तयारी नाही. तासभर त्यावरच गेला. शेवटी मी म्हणालो, शेताच्या वाटणीत विहीर सामाईक ठेवतात, दोघंही पाणी काढतात, तसं हे गाणं ठेवा. माझं मलाच कौतुक वाटलं.

"त्याच्या चालीवर मी नाई गात," गाणारा म्हणाला.

गिटारवाल्यानं मशिनवरून मानही उचलली नाही. "मंग कोनीच नाई गायचं. लिहा, भाऊ."

गाणाऱ्यानं मान डोलावली. सकाळपासून दोघांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट, आणि मी ती चांगल्या अक्षरात लिहिली. खाली सही केली. मग चहा आला, तोही प्यालो.

संताप येतो तो याचा. आमची धूळ घेतली, आमची बोली घेतली, आमच्या बायकांच्या शिव्यासुद्धा घेतल्या, आणि वाटणीच्या वेळी गाणं या दोघांच्या बापाचं झालं. मैदानात उभं राहून ऐकणाऱ्या एकालाही विचारलं नाही. विचारलं ते मला, आणि मी विहिरीचा दाखला देऊन गप्प बसलो. आणखी एकदा आडवा गेलो असतो तर काय झालं असतं? फार तर दोघांनी मला शिव्या दिल्या असत्या.

घरी आलो. बायको भाजी चिरत होती. धुळीचं गाणं कोणाकडे गेलं, एवढंच तिनं विचारलं. मी सांगितलं, कोणाकडेच नाही. आता ते कुणी गायचं नाही असं ठरलं. दोघांचंही तेच म्हणणं पडलं, तिथे मी काय करणार?

तिनं विळी बाजूला सारली. "दोघं आयकत नाई म्हनून तं तुमाले बोलावलं होतं," ती म्हणाली. "मंग तुमी तिथी काय केलं?"

लिहून दिलं, मी म्हणालो.