सांगितलेलं वजन

बाईला वजन विचारू नये, हे मी आजवर किती जणांना सुनावलंय. ऑफिसात, लग्नात, अगदी आमच्या शिंप्यालासुद्धा. पण विमान उडवणाऱ्या माणसाला काय सुनावणार? त्यानं विचारलं आणि मी सांगितलं. खोटं सांगितलं. अजून आठवलं की कान गरम होतात.

गोष्ट माझ्या भाचीची. धाकट्या भावाची मुलगी, सहा वर्षांची, आणि रक्ताचा आजार. आमचं घर लालबागला, मोठी इस्पितळं हाकेच्या अंतरावर. भोईवाड्यापर्यंतच्या फुटपाथवर कुठकुठल्या राज्यांतली माणसं आजारी पोरं घेऊन पथाऱ्या टाकून असतात. आणि आमच्याच पोरीला लागणाऱ्या उपचारांसाठी खाट मिळाली ती पार दक्षिणेत. याला म्हणतात नशीब! त्यात तिच्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेलेल्या की डॉक्टरांनी बजावलं, रेल्वे नको, मोठ्या विमानातली गर्दी नको, शेजारी कुणी शिंकलं तरी महागात पडेल.

तेव्हा कुणीतरी त्या वैमानिकांचा नंबर दिला. स्वतःची छोटी विमानं असलेली ही माणसं आजारी मुलांना लांबच्या इस्पितळात फुकट पोचवतात, इंधनसुद्धा स्वतःच्या खिशातून. माझा विश्वासच बसेना. आजकाल फुकट कुणी रस्ताही सांगत नाही. पण फोन केला आणि माणूस लगेच हो म्हणाला.

विमानात जागा चार. वैमानिक, पोर, तिची आई आणि मी. भावाला रजा मिळत नव्हती. भावजय गावाहून लग्न होऊन थेट आमच्या चाळीत आलेली. डॉक्टर इंग्रजीत सुरू झाले की ती माझ्या तोंडाकडे बघायची. इस्पितळाचं सगळं मीच बघत होते. तशी मी तिकीट काढून दुसऱ्या विमानानं मागून जाऊ शकले असते, मला परवडण्यासारखं होतं. पण खरं सांगते, मला त्या छोट्या विमानात बसायची हौस होती. ऑफिसात सांगूनही झालं होतं.

आदल्या संध्याकाळी वैमानिकाचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत उभी होते. विमानवाल्याचा फोन म्हटल्यावर अर्धा मजला माझ्याभोवती गोळा झाला. मी पण दीडशहाणी, स्पीकर लावला. ऐकू दे सगळ्यांना! त्यानं सामानाचं आणि पोरीच्या ऑक्सिजनच्या मशीनचं विचारलं, पोरीचं वजन विचारलं, भावजयीचं विचारलं. मग म्हणाला, "आणि ताई, तुमचं?"

सगळ्या गॅलरीनं कान टवकारले. शेजारची आजी मला कोपरानं ढोसत म्हणाली, "सांग मगे गो, वजन इचारतत तुझा!" समोर कोपऱ्यातल्या खोलीतली शेजारीण उभी, जिचा डोळा कायम माझ्या कमरेवर. मी म्हटलं, "अठ्ठावन्न."

कुणीतरी फिसकन हसलं. भावजय माझ्याकडे बघत राहिली. खरं वजन बहात्तर होतं. मी मनात म्हटलं, तेवढ्यानं काय होतंय, विमान आहे, हातगाडी थोडीच आहे! सगळे पांगल्यावर परत फोन करून खरं सांगता आलं असतं. तो मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुहूच्या विमानतळावर पोचलो. निघताना चाळीनं काय काय दिलं होतं, तांदूळ, कुळथाची पिठी, लाडू, देवीचा अंगारा. पण वैमानिकानं सांगितलेल्या वजनाच्या वर भावजयीनं चमचाभर जाऊ दिलं नव्हतं. सकाळीच वाण्याकडे जाऊन दोन्ही पिशव्या तोलून आणल्या होत्या. राहिलेलं भावाकडे मागून पाठवायला ठेवलं होतं.

विमान आमच्या टॅक्सीपेक्षा थोडंसंच मोठं वाटलं. आणि त्याच्या शेजारी जमिनीवर वजनकाटा. तो बघितला आणि मी पिशव्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. वैमानिक साठीचा, जपून जपून मराठी बोलणारा. म्हणाला, "निघायच्या आधी मी सगळं एकदा मोजतो. माणसंपण. रागावू नका."

आणि मी काय करावं? भावजयीवर ओरडले. "किती भरलंस गं हे! दुष्काळात चाललोय का आपण? काढ ते तांदूळ बाहेर!" ती बिचारी तिथेच उन्हात उकिडवी बसून पिशवी उपसायला लागली. आजूबाजूची माणसं बघत होती. ती जितकी गप्प, तितका माझा आवाज चढत गेला. वैमानिकानं सगळं पुन्हा पिशवीत भरायला लावलं, तोललं आणि म्हणाला, "सामान बरोबर आहे. सांगितलं तेवढंच आहे." मग त्यानं पोरीला काट्यावर उभं केलं. मग भावजयीला. मग मला.

बहात्तर.

तो ओरडला असता तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण त्यानं शांतपणे समजावलं. पोरीच्या ऑक्सिजनच्या मशीनसकट त्यानं भार काठोकाठ धरला होता. दोन्ही पिशव्या मागे ठेवल्या तरी चौदा किलो भरून निघत नव्हते. एवढं जास्त घेऊन उडायचं तर इंधन कमी करायला हवं, म्हणजे वाटेत एकदा उतरणं आलं, आणि जिथं पोचायचं तिथं अंधार पडल्यावर विमान उतरवता येत नाही. इस्पितळानं आम्हाला आधीच सांगितलेलं, आज दाखल झाला नाहीत तर खाट दुसऱ्या मुलाला जाईल. म्हणजे एका माणसानं मागे राहायचं.

"माझंच चुकलं," भावजय एकदम म्हणाली. "घरात काटा नाही. वन्संचं वजन मीच अंदाजानं सांगितलेलं."

फोनवर माझाच आवाज ऐकलेला तो माणूस. त्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "वन्सं, तुम्ही जा हिच्यासोबत. डॉक्टरांशी बोलायला तुम्हीच हव्यात. मी येते मागून." आई ती! पोटची पोर दुसऱ्याच्या हाती सोपवायला निघाली, माझ्या फुकटच्या तोऱ्यापायी. आणि हे लिहायलाही लाज वाटते, क्षणभर मला वाटलं, बरोबर बोलतेय ही.

"चढ तू," मी म्हटलं. मग वैमानिकाकडे वळले. "साहेब, खोटं मी सांगितलं. हिचा काही संबंध नाही."

"सगळेच कमी सांगतात, ताई," तो म्हणाला. "म्हणून तर काटा ठेवतो." मला बरं वाटावं म्हणून बोलला असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते अंधाराच्या आत पोचले. मी दुसऱ्या दिवशी तिकीट काढून गेले, आधीच जायला हवं होतं तशी. ती मधली रात्र भावजयीनं परक्या मुलखात एकटीनं काढली, डॉक्टर काय म्हणतात ते न कळता नुसती मान हलवत. पोर आज ठणठणीत आहे, शाळेत जाते. भावजयीनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पण मला आठवत राहतं ते विमानाचं दार लावतानाचं. पोर मास्क लावून आईला टेकून बसली होती. "आत्या का नाही येत?" तिनं विचारलं. आई तिचा मास्क नीट करत राहिली. शेवटी मीच म्हटलं, "माझं वजन जास्त भरलं गं बाय."

पोरीचे डोळे लकाकले. इथल्या इस्पितळात वॉर्डात असताना तिला रोज काट्यावर उभं करायचे, आणि वजन वाढलं तरच घरी पाठवायचे. सुईची पट्टी चिकटवलेल्या हातानं ती टाळ्या वाजवायला लागली.

"शाब्बास आत्या! तुला घरी सोडलं!"