ओसरीतला सुयांचा डबा

आज दुपारी चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "नशेडींना सरकारनं सुया कशाला द्यायच्या?" मी त्याच्या हातातला कप उडवला. का, ते सांगते.

दोन हजार दहाच्या सुमारास शनिशिंगणापूरजवळच्या आमच्या वस्तीवर, चोराला शनिदेव शिक्षा करतो या श्रद्धेनं, घरांना दारं नव्हती. आई आरोग्य केंद्रात कामाला होती. टोचून नशा करणाऱ्यांनी एकमेकांच्या सुया वापरून एड्स पसरू नये म्हणून सरकारी स्वच्छ सुयांचा डबा ती ओसरीत ठेवायची. माझा भाऊ दत्ताही त्यातलीच सुई घ्यायचा.

मग निधी बंद झाला.

डबा रिकामा दिसला म्हणून दत्ता शेजाऱ्यांची जनावरांना टोचायची सुई घ्यायला त्यांच्या घरात शिरला. लोकांनी त्याला अंगणात ओढून गुरासारखं मारलं. "चोर न्हाई मी, सुई पायजे," तो ओरडत होता. पहिली काठी आमच्या वडिलांनीच घातली, शनिदेवाच्या हद्दीत पोरानं चोरी केली म्हणून. दत्ता तिथंच गेला.

तुमच्या घरात दत्ता असता, तर त्याला काय दिलं असतं, सुई का काठी?