आई छताखाली झोपली तेव्हा

आई गेल्याचं मला शहनाज चाचींनी कळवलं. त्या निलंग्यातल्या आमच्या शेजारीण. घरचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि आईची सकाळची पहिली हाक त्यांनाच असायची. मी नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिकडे निघायच्या गडबडीत होते. चाचींचा फोन सकाळी कधी येत नाही. "बेटा, तुझी माय उठंना झालीया... हाका मारून राहिले मी, डॉक्टरबी बघून गेला... तू ये." असं ऐकल्यावर माणूस विचारतं, कधी, कशानं, त्रास झाला का? मी विचारलं, "आत होती की बाहेर?" आणि चाचींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. "भाईर, बेटा. आंगनात, तिच्याच बाजंवर." तेव्हा कुठे मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले.

त्याला आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, भाग्यवान होत्या, झोपेत गेल्या. मी मान हलवते. पण भाग्य वगैरे शब्द आईला कधी चिकटले नाहीत. माझी आई भित्री होती, इतकी की तिच्या भीतीवर मी निम्मं आयुष्य हसण्यात आणि उरलेलं चिडण्यात घालवलं. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते त्या पहाटेचा भूकंप आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी तेव्हा तान्ही होते, आणि आई माझ्या वेळच्या बाळंतपणासाठी माहेरी, निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यात होती. दगडाच्या भिंती, वर मातीचं जाड माळवद. त्यात आजी गेली आणि आम्ही दोघी वाचलो, एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं. त्यापुढचं कुणी विचारायचं नाही, असा घरात न बोलता ठरलेला नियम होता.

त्या दिवसापासून आई छताखाली झोपली नाही. निलंग्याच्या घराच्या अंगणात तिनं चार खांबांवर नुसता हलका पत्रा टाकून घेतला होता, बाजू सगळ्या उघड्या. ऊन, थंडी, पाऊस, तिची बाज तिथं. बाबा असेपर्यंत ते आत आणि ही बाहेर. बाबा लोकांना सांगायचे, "आमी संसार उंबऱ्यापाशी वाटून घेतलाय." घराच्या दाराला कडी कधी लागली नाही, नुसतं पुढं केलेलं असायचं. फडताळाच्या वरच्या खणात जड काही ठेवायचं नाही. पाटा-वरवंटा, मोठी पातेली, डबे, सगळं जमिनीवर, येता-जाता ठेचा लागायच्या. माझ्या नांदेडच्या फ्लॅटवर, दुसऱ्या मजल्यावर, आली की चप्पल काढायची नाही. दाराजवळच्या खुर्चीत टेकायची आणि दुपारची एसटी गाठायची घाई करायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "आई, ही बिल्डिंग तुझ्यापेक्षा कितीतरी धडधाकट आहे." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "आसंल. पर मी पडले तर कुनाला चेंगरत न्हाई."

अशी बाई अंदमानला गेली, हे सांगितलं की लोकांना वाटतं मीच हट्टानं नेलं. तसं नव्हतं. एका दिवाळीत मी निलंग्याला असताना मैत्रिणीनं तिकडचे फोटो पाठवले होते. आई माझ्या खांद्यावरून डोकावत होती. निळा समुद्र, होड्या, पोवळी, रंगीत मासे... तिनं त्यातलं काहीच बघितलं नाही. बोट ठेवलं ते किनाऱ्यावरच्या एका झोपडीवर. "हे घर कशाचं हाय गं?" मी म्हटलं, बांबूचं, वर झावळ्या. "आन् भिताडं?" तीही बांबूचीच. ती बराच वेळ बघत राहिली. "म्हंजी पडलं तरी मानूस मरायचं न्हाई." मी म्हटलं, नाही मरायचं. "मग तितं आत निजता येतंय की." बस, एवढंच बोलली आणि शेवया भाजायला गेली. आईनं माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे मागणंच होतं, आणि ते मला नीट कळलं.

लातूरच्या डॉक्टरांना विचारलं, कारण आईचं हृदय तेव्हाच जरा अशक्त झालेलं होतं. ते म्हणाले, जा, फक्त चढ-उतार आणि दगदग नको. समुद्राला कसला चढ, असं मी मनात म्हटलं. नांदेडहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमान. विमान वर चढताना मी खुर्चीचे हात घट्ट धरून डोळे मिटले होते, आणि ही बाई खिडकीतून खाली बघत होती. "भेतीस कशाला? हितं हलायला जमीनच न्हाई." पुढं बोटीत मात्र दोघींनीही ओकून ओकून घेतलं. बेटावर उतरलो तेव्हा आईचा चेहरा पिवळा पडला होता, पण झोपडी दिसल्यावर ती सरळ तिकडेच गेली. आधी खांब ढकलून बघितला. भिंतीवर थाप मारली. झावळ्यांकडे मान वर करून बघितलं. झोपड्यांची मालकीण एक बंगाली बाई होती, सगळे तिला दीदी म्हणत. ती कौतुकानं बघत उभी होती. तिला वाटलं आईला घर बांधायचं आहे.

त्या दुपारी वरण-भात जेवून आई आत गेली, खाटेवर पदर झटकला, मग परत उठून दाराशी आली आणि तिनं आतून कडी लावली. माझ्या आईला कडी लावताना मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. आडवी झाली आणि पाचएक मिनिटांत घोरायला लागली. मी समोरच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिले. बाहेर अख्खं अंदमान होतं आणि मला कुठेही जायचं नव्हतं. इतकी सुखी मी त्याआधी नव्हते आणि त्यानंतरही झाले नाही, हे सरळच सांगते.

दुसऱ्या दुपारी जमीन हलली. आधी टेबलावरची पाण्याची बाटली कडेला सरकत गेली. मला वाटलं, बाहेरून काही जड गाडी चालली असेल. वाटेपर्यंत आई दाराशी होती. झोपेतून ती कधी उठली ते मला दिसलंसुद्धा नाही. आणि कडी निघेना. बांबूचं दार हललं तशी ती तिरकी होऊन अडकली होती. आईची बोटं त्या कडीवर नुसती घसरत होती, आणि तिच्या तोंडून एक आवाज निघत होता, शब्द नसलेला, घशातला. मी पुढं होऊन दोन्ही हातांनी कडी वर उचकटली. दार उघडताच तिनं माझं मनगट धरलं आणि धावत सुटली. भूकंपात उघड्यावर जायचं, डोक्यावर काही नको, हे आमच्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. आणि तिथली सगळ्यात उघडी जागा म्हणजे समोरची वाळू. तिथं पाण्यापाशी जाऊन आम्ही उभ्या राहिलो. हलणं थांबलं होतं. आई धापा टाकत वर आभाळाकडे बघून म्हणाली, "आता भ्या न्हाई. वर काय न्हाई."

मग माझ्या लक्षात आलं, की किनाऱ्यावर आम्ही दोघीच होतो. शहाळी विकणारा हातगाडी टाकून गेला होता. कुत्रीसुद्धा नव्हती. मागून दीदी ओरडत येत होती, "पानी के पास क्यों खड़े हो? ऊपर चलो, ऊपर! हॉल में!" तेव्हा कुठे मला कळलं. त्सुनामी हा शब्द मला काय नवा होता? पण आईनं मनगट धरल्यावर माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं. आमच्या जिल्ह्यात जमीन हलली की समुद्र येत नाही, म्हणून आम्ही बरोबर समुद्राच्या तोंडाशी येऊन थांबलो होतो. मी पाण्याकडे बघितलं. ते नेहमीसारखंच होतं, लहान लाटा, चकचकीत ऊन. त्या साध्या पाण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही.

दीदी वर बोट दाखवत होती. टेकाडावर सिमेंटचा पांढरा हॉल होता, गाव तिकडे चाललं होतं. आईनं तो बघितला आणि खाली वाळूत बसली. "त्या सिलॅपखाली? मी न्हाई यायची." मी म्हटलं, आई, पाणी येईल. "येऊ दे. पानी डोक्यावर पडत न्हाई." मी ओढलं, हात जोडले, ओरडले. तिनं मान फिरवून घेतली. आणि हिला ओढत त्या चढावर नेलं तर हृदय साथ देईल का, हेही मला दिसत होतं. शेवटी मीही तिच्या शेजारी वाळूत बसले आणि म्हणाले, "बरं. मग मी पण इथंच." आईनं माझ्याकडे बघितलं. मग समुद्राकडे. आणि ताडकन उठली, माझं मनगट पुन्हा धरलं, आणि या खेपेला तीच मला ओढत चढावर निघाली. एक चप्पल वाळूत राहिली. अर्ध्या वाटेत तिचे ओठ काळपट दिसायला लागले. मी थांब म्हणत होते, ती थांबत नव्हती, आणि मागं वळून बघायची माझी छाती होत नव्हती.

हॉलमध्ये ती गेली नाहीच. दीदीनं बाहेर अंगणात सतरंजी टाकून दिली, तिथं आम्ही बसलो. लोक खाली समुद्राकडे बघत होते, कुणी मोबाइलवर बातम्या बघत होतं. आईचा श्वास हळूहळू जागेवर आला. मग, मी काही विचारलेलं नसताना, ती म्हणाली, "त्या दिशी आमी तिघीबी भाईर आलो व्हतो." मी म्हटलं, तिघी? "तू, मी आन् माय. वारं गार व्हतं. तू रडून राहिलीस, अंगावर फडकंबी न्हाई. हलायचं थांबलं व्हतं... मीच म्हनले, माय, तेवढं दुपटं आन की गं आतनं." मी तिचा हात हातात घेतला. "ती गेली. मी पाठिवली. आन् दुसऱ्यांदा हललं." मग ती माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "आन् आज तुला त्या पान्यापाशी नेऊन हुबं केलं बघ मी."

समुद्र आला नाही. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले. उरलेले दिवस आईनं त्या अंगणातच काढले, आणि परत निलंग्याला आल्यावर बायाबापड्यांना फक्त विमानाचं आणि शहाळ्याचं सांगितलं. मी तिच्यावर हसायचं सोडलं. पण भीती मला लागली ती तेव्हापासून. सकाळी तिचा फोन यायला उशीर झाला की लॅबमधलं काम टाकून मी चाचींना फोन लावायचे. यंदा लातूरच्या डॉक्टरांनी अॅडमिट व्हा म्हटलं, तर हृदयरोगाचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. आई जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभी राहिली, वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "घरी चल, बाई." मी तिला घरी घेऊन गेले, गोळ्या सुरू केल्या, आणि महिनाभरानं चाचींचा फोन आला. बरोबर केलं की चुकलं, हे मला कुणी सांगू शकणार नाही. त्या पायरीशी उभी असलेली ती मला रोज दिसते.

गेल्या आठवड्यात नांदेडला सकाळी हलका धक्का बसला. अशा वेळी आमच्या बिल्डिंगमधले लोक आधी ग्रुपवर विचारतात, मग उतरतात. मी कशी खाली आले ते मला आठवत नाही; अनवाणी, ओल्या केसांनी, सरळ समोरच्या मोकळ्या मैदानात. हळूहळू सगळे जमले. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आल्या, आईपेक्षा थोड्या मोठ्या असतील. बोलता बोलता त्यांना आठवलं, "अगं बाई, गॅसवर दूध ठेवलंय!" आणि त्या वळल्या. मी त्यांचं मनगट धरलं. "न्हाई जायचं वर." त्या हसल्या, "अगं, आता थांबलंय की. ही गेले आणि ही आले." मी म्हटलं, "जळू द्या." त्यांनी हात सोडवून बघितला. त्यांच्या बांगड्या माझ्या मुठीत रुतत होत्या, त्यांना दुखत असणार, मला कळत होतं. कुणीतरी म्हणालं, ताई फारच घाबरतात बुवा. हो, घाबरले होते. काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग ओढायचं थांबवलं. थोड्या वेळानं करपलेल्या दुधाचा वास खाली मैदानापर्यंत आला, सगळ्यांनी वर बघितलं, आणि मी काकूंचा हात सोडला नाही.