कासव, भेक आणि आबांची पारख

आई गेल्यापासून आबा किनवटजवळच्या आमच्या गावात एकटेच राहतात. लातूरला माझ्याकडे या म्हटलं, की वडिलांना हटकून शेतातलं एखादं काम आठवतं. एकदा घराबाहेर पडायची सवय लागली की पुढचं सोपं, असा विचार करून मी त्यांना कोकणात समुद्रातली कासवं दाखवायला नेलं. माझ्या डोक्यातून अशा युक्त्या निघतात आणि त्या मलाच फार पटतात.

उजाडता उजाडता किनाऱ्यावर पोचलो. अंडी घालून एक भलीमोठी मादी समुद्राकडे परत निघाली होती. सगळे श्वास रोखून बघत होते. आबा मात्र बैलबाजारात उभं राहावं तसे कमरेवर हात ठेवून उभे. जन्मभर बैल पारखलेला माणूस, त्यांनी आधी दात विचारले. कासवं राखणारा माणूस नम्रपणे म्हणाला, दात नसतात. आबांनी नाक मुरडलं. मग चाल बघितली. ती थोडं सरकायची, दम खायची, पुन्हा सरकायची.

"आपला भेक बरा," आबा म्हणाले.

आपला भेक म्हणजे जंगलातून येऊन आबांच्या न्हाणीतल्या दगडाखाली मुक्काम ठोकलेला, अंगभर फोड असलेला एक ढब्बू बेडूक. त्याची बाजू आबा भर किनाऱ्यावर मांडायला लागले. दात त्यालाही नाहीत, म्हणजे तिथं बरोबरी. कासवाची पाठ टणक खरी, पण भेकाला तोंड लावलं तर कुत्रंसुद्धा फेस गाळत पळतं. आणि पाऊस लांबला की गावात काठीला बेडूक बांधून धोंडी मागत फिरतात, तिथं हे धूड बांधायचं म्हटलं तर उचलणार कोण?

लोक हसायला लागले. मला कुठं तोंड लपवू असं झालं. मी त्या राखणदाराला म्हटलं, यांना काहीतरी भारी सांगा हो. तो सांगायला लागला, ही मादी समुद्रात कुठल्या कुठं फिरून येते. मी आबांना कोपरानं ढोसलं. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. अंडी घालायला ती बहुधा आपण जन्मलो त्याच भागात परत येते, म्हणाला.

आबा खुलले. त्यांनी एकदा भेकाला बादलीत घालून ओढ्यापलीकडे सोडलं होतं, तर गडी पुन्हा न्हाणीत हजर. आता दोन्ही जनावरं आपल्या जागी परतणारी, म्हणजे त्यांच्याच बाजूची झाली. युक्ती माझ्याच अंगाशी आली होती.

तेवढ्यात लाट आली आणि मादी दिसेनाशी झाली. आबा ओल्या वाळूत तिचा माग बघत राहिले.

"लेकीची जात हाय. लई दूर गेली तरी येते, असं सांगून राहिला हा राखणदार," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तू दिवाळीपासून आली न्हाईस, बाई."

मला रडूच आलं. परतताना मी लातूरला उतरले नाही, त्यांच्यासोबत थेट गावापर्यंत गेले.